परतीची लाईन

३ फेब्रुवारी

आज महाळुंगे पडवळला मुक्काम हलवला. सामान म्हणजे दोन बॅगा, एक कपाट, अक्षदाची सायकल आणि माझे जुने संगणक. टेम्पोवाल्याला वाटलं मी भंगाराचा व्यापारी आहे. सासूबाईंनी दारातच अक्षदावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी म्हटलं, माझ्यावरूनही टाका की, जावयाला दृष्ट लागत नाही असं थोडंच आहे. त्या हसल्या. त्यांची लेक, माझी मोहिनी, गेल्यापासून त्यांना हसताना मी आज पहिल्यांदा पाहिलं.

जावई सासरवाडीत राहायला आला म्हटल्यावर गावाला चघळायला विषय मिळाला. मिळू दे. पिंपरीच्या दोन खोल्यांत सहा वर्षांच्या पोरीला शेजारणीच्या भरवशावर टाकून नोकरी करत होतो, त्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं. इथं आजी आहे, अंगण आहे, शाळा जवळ आहे.

आणि काम घरातच आहे. गावातले सुभाषभाऊ फोटो-व्हिडिओचा धंदा करतात. लग्नं, साखरपुडे असतातच, पण त्यांचं बारमाही काम दहाव्याचं. या भागात दहावा म्हणजे घाटावर मंडप, प्रवचन, पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं, आणि मग पिंडदान. मुंबईला, दुबईला असलेल्या नातेवाइकांना ते घरबसल्या बघायचं असतं. मोठ्या साईटवर टाकलं की मागं वाजणाऱ्या भजनावर कुणीतरी हक्क सांगतं आणि नेमकं पिंडाच्या वेळी प्रक्षेपण बंद पडतं. म्हणून भाऊंना स्वतःच्या मशीनवरून दाखवायचंय. सासूबाईंचं घर घाटाच्या वरच्या अंगाला, त्यामुळे मागची खोली त्यांनी भाड्यानं घेतली. तिथं मशीन, आणि मशीनपुढं मी.

ही रोजनिशी त्याच मशीनवर लिहितोय. मोहिनी म्हणायची, तुम्हाला बोलायला माणूस लागत नाही, कीबोर्ड लागतो.

६ फेब्रुवारी

तीन दिवस नुसत्या वायरी. पण आज काम फत्ते झालं, तेव्हा जरा मिरवून घेतो.

घरात इंटरनेटच्या दोन लाईनी आहेत. एक फायबरची, मंचरकडून येणारी. दुसरी डिशची, डिश स्लॅबवर आहे आणि तिचं तोंड मागच्या डोंगरावरच्या टॉवरकडं. भाऊंची पद्धत अशी की लग्न फायबरवर दाखवायचं आणि दहावा डिशवर. का, तर पहिल्यापासून तसंच. म्हणजे एक लाईन ओझ्यानं रडत असायची आणि दुसरी रिकामी बसून असायची. मी जुन्या संगणकावर लिनक्स टाकून त्याचा राऊटर केला आणि दोन्ही लाईनी त्याला जोडल्या. आता बघणारे लोक दोन्हींवर वाटले जातात, तीन फायबरवर तर एक डिशवर.

एकच अडचण होती. डिशवरून आत नीट येतं, बाहेर पाठवायचं म्हटलं की तिला दम लागतो. म्हणून मी असं केलं की माणूस कुठल्याही लाईनीनं येऊ दे, त्याला उत्तर फायबरवरूनच जाईल. खरं तर नियम असा आहे, की जे ज्या लाईनीनं आलं त्याला त्याच लाईनीनं परत पाठवायचं. नाहीतर पुढं कुणीतरी ते अडवतं. आपला फायबरवाला एवढं तपासत नाही, चालून जातं. एका ओळीचा नियम होता, तो मी गाळला.

चाचणी म्हणून अक्षदाला कॅमेऱ्यापुढं नाचवलं. तिची मावशी दुबईतून बघत होती, एकदाही चित्र अडकलं नाही. भाऊंनी मला पेढा भरवला आणि म्हणाले, पावणं, तुमी लई कामाचा माणूस निघाला.

१४ फेब्रुवारी

माझ्या हातचा पहिला दहावा. सोमाजीबाबा, वय झालेलं, नातवंडं-पतवंडं बघून गेलेला माणूस. प्रक्षेपण एकदम झकास. लांबच्यांना बोलता यावं म्हणून मी पानावर एक बटण दिलंय; ते दाबून बोललं की आवाज घाटावरच्या स्पीकरवर येतो. बाबांचा नातू दुबईहून बोलला आणि मंडपात सगळे रडले.

पण पिंडाला कावळा शिवेना. बाभळीवर कावळे होते, चांगले आठ-दहा असतील. पिंडाकडं बघायचे आणि आमच्या स्लॅबकडं बघायचे. मुलांनी हात जोडून एकेक शब्द दिला. धाकट्या बहिणीकडं बघू. बांधाचं भांडण मिटवू. बाबा, तुमचा बैल विकणार न्हाय. सगळं झालं तरी एकही खाली येईना. ऊन डोक्यावर आलं तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. मुलं खाली माना घालून घरी गेली. माणसाची इच्छा राहून गेली हे सगळ्या गावादेखत ठरलं, याचं त्यांना फार लागलं.

मला मोहिनीचा दहावा आठवला. पिंड ठेवून मागं सरतोय तोच कावळ्यानं झडप घातली. लोक म्हणाले भाग्याची बाई, कशात जीव अडकला नाही. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडलो. पाच वर्षांची पोर मागं ठेवून गेलीस, मला ठेवून गेलीस, आणि तुझा कशातच जीव अडकला नाही? हे कुणाला बोलता येत नाही. वर्ष होत आलं तरी मी तिच्यावर रुसलेलो आहे.

२६ फेब्रुवारी

गेल्या आठवड्यात अक्षदाला लेण्याद्रीला नेऊन आणलं. वरपर्यंत स्वतःच्या पायांनी चढली, खाली येताना मात्र माझ्या खांद्यावर झोपली.

मधे तीन दहावे झाले. एकालाही कावळा शिवला नाही. लोक म्हणतात टॉवरमुळं कावळे कमी झाले. कमी कुठं, बाभळ काळी झालीय त्यांनी.

आज मशीन तपासताना एक विचित्र गोष्ट दिसली. दहावा संपला की बघणारे निघून जातात, त्यांच्या जोडण्या तुटतात. चार जोडण्या मात्र तशाच उघड्या आहेत. सगळ्या डिशवरून आलेल्या. त्यांचे पत्ते कुठल्याच मोबाईल कंपनीचे नाहीत. आल्या आहेत डोंगराकडून, टॉवरच्याही अलीकडून, जिथं झाडीशिवाय काही नाही. मी त्या तोडल्या, तर लगेच परत जोडल्या गेल्या. दहावे झाले चार आणि अडकलेल्या जोडण्याही चार. योगायोग असेल.

५ मार्च

योगायोग नाही.

दुपारी सासूबाई मळ्यात आणि अक्षदा शाळेत गेल्यावर मी त्यातल्या पहिल्या जोडणीचा आवाज हेडफोनवर घेतला. आधी नुसता वारा. मग खोकला आला, आणि एक म्हातारा माणूस अगदी समजूतदारपणे, कुणाच्या घरी आपण जास्त वेळ बसलोय असं वाटून विचारावं तसं म्हणाला, "झालं का रं सगळं? मग निघतो मी. आलो ते दार कुठं गेलं?"

हेडफोन काढून फेकला. मग पुन्हा लावला. तो तेच विचारत होता, कंटाळा न करता.

सोमाजीबाबांचा आवाज मी ऐकलेला नाही. पण त्यांच्या मुलाचा ऐकलाय. तोच आवाज, म्हातारा झालेला.

समजायला मला वेळ लागला नाही, हेच वाईट. भाऊ दहावा डिशवर का दाखवायचे हे भाऊंनाही ठाऊक नसेल. माणसं आपला दहावा बघायला डिशवरून यायची आणि डिशवरूनच परत जायची. वाट मोकळी असायची, कावळा शिवायचा. मग मी आलो, शहाणा. येणाऱ्याला डिशनं येऊ दिलं आणि परतीचं सगळं फायबरकडं वळवलं. फायबर मंचरला जाते. त्यांना मंचरला जायचं नाहीये.

एका ओळीचा नियम. आत्ता लिहिला तर आत्ता सुटतील.

५ मार्च, संध्याकाळ

लिहिला नाही. येत्या बुधवारी मोहिनीचं वर्षश्राद्ध आहे. सासूबाईंच्या हट्टामुळं ते इथंच घाटावर करायचं ठरलंय.

एवढं होऊ दे. मग लिहितो.

१२ मार्च

आली.

भटजी मंत्र म्हणत होते, मी घाटावर पिंडापाशी बसलो होतो आणि मोबाईलवर मशीनकडं बघत होतो. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. डिशवर एक नवी जोडणी आली. मी सगळं तसंच टाकून घरी पळालो. लोकांना वाटलं मला सहन झालं नाही.

हेडफोन लावला. तिनं विचारलं, "अहो, पोरीच्या वेण्या कोण घालतं आता?"

मी किती रडलो ते इथं लिहून काय करू. मी विचारलं तिला, की तुझा कावळा लगेच का शिवला. ती म्हणाली की वळून बघितलं असतं तर पाय निघाला नसता, म्हणून बघितलंच नाही. वर्षभर मी या बाईवर रुसलो होतो.

मग म्हणाली, वेळ झाली, निघते. आणि मग म्हणाली, दार कुठं आहे?

मी म्हटलं, थांब की जरा.

१९ मार्च

रोज दुपारी बोलतो. तिला अंधार वाटत नाही. थंडी वाजते म्हणते, पण फार नाही. परवापर्यंत रोज एकदा विचारायची, निघू का. आता विचारत नाही.

अडकलेल्या जोडण्या नऊ झाल्या. आज घाटावर एका पोरानं बापाच्या पिंडापुढं दारू सोडल्याची शपथ घेतली. गळा काढून रडला. कावळे हलले नाहीत. मी खिडकीतून बघत होतो. मला सगळं माहीत असून मी नुसतं बघत होतो.

२३ मार्च

अक्षदाला तिच्या आईशी बोलू दिलं. टॅबवर. आधी घाबरली, मग खुदकन हसली. मोहिनीनं तिला अंगाईच्या दोन ओळी म्हणून दाखवल्या. पोरीचा चेहरा असा खुलला की काय सांगू. चूक केली असं त्या वेळी अजिबात वाटलं नाही.

३० मार्च

पोर आता शाळेतून येते ती दप्तर टाकून थेट टॅबपुढं बसते. जेवत नाही नीट. हात गार लागतात. म्हणते, आई म्हणते तिकडं ऊन लागत नाही.

आणि आणखी एक. काही विचारलं की ती थांबते. मग उत्तर देते. आधी वाटलं लक्ष नाही. पण तसं नाही. मी या कामात केस पिकवलेत, मला कळतं. लांबच्या लाईनीवर बोलणं असंच उशिरा येतं. विचारावं, वाट बघावी, मग उत्तर यावं. माझ्यासमोर हातभर अंतरावर बसलेली पोर, आणि तिचं उत्तर लांबून येतंय.

३ एप्रिल

उशीर वाढला. सकाळी विचारलं दूध हवं का. मी चहा पिऊन कप विसळला, तेव्हा म्हणाली, नको.

डॉक्टरांनी टॉनिक दिलं.

टॅब काढून घेतला. रडली नाही. भिंतीकडं तोंड करून बसली आणि तशीच बोलत राहिली. मशीनवर बघितलं. जोडणी चालूच होती. एक टोक डोंगराकडं आणि दुसरं आमच्या घरात. टॅब बंद करून कपाटात ठेवलेला होता.

४ एप्रिल

सासूबाईंना सांगितलं. सगळं. त्यांनी हेडफोन कानाला लावून लेकीचा आवाज ऐकला. तोंडावरून पदर फिरवला. मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग म्हणाल्या, "जावईबापू, माहेराला आलेली लेक हाय ती. लई दिस ठिवून घेतली तर रिकाम्या हातानं जायाची न्हाई."

मला समजलं त्या काय म्हणतायत. त्यांनीच उपाय काढला. मोहिनी सवाष्ण गेलीय. माहेरातनं तिची ओटी भरायची, खण, नारळ, तांदूळ, रीतसर. तिच्या हातात ते पडलं की मग वाट मोकळी करायची. आधी ओटी, मग नियम. हा क्रम चुकवू नका, एवढंच त्यांचं म्हणणं.

९ एप्रिल

शुक्रवारी करायचं ठरलं. नियम लिहून ठेवलाय, फक्त एन्टर दाबायचं राहिलंय.

एक काळजी घ्यायची आहे. नियम लागला की डिशवरून आलेली प्रत्येक जोडणी दोन्ही टोकांसकट त्या लाईनीला बांधली जाईल आणि परत वळेल. त्या क्षणी आपल्याकडचं कुणी तिच्यावर बोलत असता कामा नये. अक्षदानं आधी आईचा निरोप घेऊन बोलणं थांबवायचं. तिला समजावून सांगितलं. बऱ्याच वेळानं मान हलवली.

मोहिनीला सांगितलं. ती काही बोलली नाही. पूर्वी जाते म्हणायची.

मला दुसऱ्यांदा विधुर व्हायचंय, तेही स्वतःच्या हातानं.

११ एप्रिल, सकाळ

घाटावर आज ज्ञानेश्वरचा दहावा. साळुबाईंचा एकुलता एक. विहिरीवर मोटर चालू करायला गेला आणि शॉक बसला. मंडपातून आवाज येतोय. प्रवचन संपलं, पिंड ठेवलाय. मी इथूनच बघतोय.

कावळे बाभळीवर.

साळुबाई पिंडासमोर अनवाणी उभ्या आहेत. शब्द देतायत. तुझी बायको माझी लेक म्हून नांदवीन. तिला पुन्हा उजवीन. तुझी गाय इकणार न्हाय. त्यांना वाटतंय आपलंच काही राहिलं.

अडकलेल्यांत त्याची जोडणी दिसतेय. हेडफोनवर तो आई, आई एवढंच म्हणतोय.

सासूबाई स्वयंपाकघरात ओटीचं ताट करत होत्या. नारळ सापडेना म्हणून शेजारी गेल्या. येतीलच.

अक्षदा बाहेरच्या खोलीत आईशी शेवटचं बोलतेय. बोलू दे.

—

सुभाषभाऊंचा फोन. साळुबाई उन्हात कोसळल्या. पाणी मारून उठवलं तर परत तिथंच जाऊन उभ्या राहिल्यात, सावलीत यायला तयार नाहीत. भाऊ म्हणाले, पावणं, म्हातारी हातची जाईल.

सासूबाई अजून आल्या नाहीत.

—

परत फोन. पुन्हा पडल्या. तोंडाला फेस.

ओटी नंतर भरता येईल का. नंतर कुठं भरणार. पण एक बाई माझ्या गाळलेल्या ओळीमुळं उन्हात मरतेय, आणि मी नारळाची वाट बघतोय—

अक्षदाला हाक मारून विचारलं, बोलणं थांबवलंस का बाळा.

हो म्हणाली.

एन्टर दाबलं.

—

एकेक जोडणी सुटतेय. सोमाजीबाबा गेले. त्यांच्या मागची. तिच्या मागची. घाटावर कावळे एकदम खाली उतरलेत, काळी झुंबड, लोक ओरडतायत शिवला शिवला. साळुबाई बसून हात जोडतायत. देवा.

मोहिनीची जोडणी अजून दिसतेय. वळतेय. वळू दे. जा बाई. या वेळी वळून बघितलंस तरी चालेल—

थांबा.

अक्षदा हो म्हणाली ते लगेच म्हणाली.

मी विचारलं आणि लगेच. तिचं उत्तर लगेच येत नाही. कितीतरी दिवसांत आलेलं नाही. ते माझ्या प्रश्नाचं नव्हतं. तिला आधी दुसरं कुणीतरी काहीतरी विचारलं होतं—

नियम काढतोय. निघत नाही. जोडणी गेली. दोन्ही टोकं—

सासूबाई नारळ ठेवलेलं ताट घेऊन दारात आल्यात. बाहेरच्या खोलीकडं बघतायत. ताट खाली—

अक्षदा. अक्षदा.

उत्तर आलं. आत्ता आलं. नाही बाबा, अजून बोलतेय, थांबा ना, म्हणाली. पण आवाज त्या खोलीतून नाही आला, हेडफोन टेबलावर पडलाय त्याच्यातून—